लोण्याचा साचा

आमच्या कोइवुवारात पुरुष म्हातारे होत नसत.
दफनभूमीतल्या दगडांवरचे आकडे वाचत
मी वजाबाकी शिकलो:
त्रेचाळीस, एकोणपन्नास, अडतीस,
हेइमोकाका सत्तेचाळीस, वर आठ दिवस.
बायका टिकत.
चर्चमध्ये डाव्या बाकांवर काळे रुमाल,
उजवी बाकं रिकामी,
आणि पाद्रीबुवासुद्धा दर दोन-तीन वर्षांनी नवे.

माझ्या बापाचं नाव ओन्नी.
आमच्या बोलीत ओन्नी म्हणजे नशीब.
फेब्रुवारीत, उणे सव्वीस अंशांत,
बर्चच्या बुंध्यात अर्ध्यावर करवत तशीच ठेवून
तो बर्फात बसला.
सोबत्यांना वाटलं, विडी ओढायला बसलाय.
विडी होतीच बोटांत. विझलेली.
सकाळी एवढंच म्हणाला होता,
डावा हात जड झालाय, उशीवर वाकडा झोपलो असेन.

करवत काढून आणली, झाड राहिलं.
एप्रिलमध्ये त्या चिरेतून रस ठिबकायला लागला,
पाण्यासारखा, किंचित गोड,
रात्रंदिवस.
आईनं खाली बादलीही लावू दिली नाही कुणाला.

आईनं लहानपणी
पाइनच्या सालीचं पीठ घातलेला पाव खाल्लेला.
म्हणून आमच्या घरात लोणी म्हणजे लोणी नव्हतं,
ती भुकेवर काढलेली मात होती.
पावावर असं थापायची
की चावा घेतला की दातांचे ठसे उमटावेत.
लाकडी साच्यात गोळा दाबून
वर तिपानी फूल उठवायची,
आणि बाप ते फूल मोडायच्या आधी
क्षणभर बघायचा.

मग राइली नावाची नर्स आली, स्कीवरून,
पाठीवरच्या पिशवीत रक्तदाबाचा पट्टा.
गावातले उरलेले पुरुष बाह्या वर करून
शाळकरी पोरांसारखे रांगेत बसले.
पारा चढायचा, ती आकडा लिहायची,
चेहऱ्यावर काही दाखवायची नाही.
लोणी कमी करा, म्हणाली. मीठ कमी करा.
विडी सोडा. भाज्या खा.
"पाला सशांना," एर्क्की म्हणाला, सगळे हसले.
(एर्क्की. छप्पन्न. आमच्याकडं ते दीर्घायुष्य.)

आई नाही हसली.
"म्हणजे माझ्या हातच्या लोण्यानं गेला तो?"

राइलीनं कप खाली ठेवला.
नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.
"माझी आईही अशीच थापायची," म्हणाली,
आणि समोरचा पाव, लोण्यासकट,
शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.
मी अकरा वर्षांचा होतो, स्टोव्हमागं उभा.
त्या रात्री आईनं साचा धुतला,
पुसला,
फळीवर पालथा घातला.

मी एकसष्टचा आहे.
बापापेक्षा अठरा वर्षांनी मोठा;
तो दारात आला तर मला काका म्हणेल.
परवा योएन्सूच्या इस्पितळात
मनगटातून सुई घातली, रंग सोडला,
आणि पडद्यावर माझ्या हृदयाच्या रोहिण्या उमटल्या:
हिवाळ्यातला निष्पर्ण बर्च,
फांद्यांना फांद्या,
एका जागी करवतीनं ओढल्यासारखी बारीक चीर.
तिथं जाळीची नळी बसवली.
डॉक्टरीणबाई गोळ्यांची नावं सांगत होत्या,
मी त्या चिरेपलीकडं वाहणारं काळं बघत होतो.
वाहत होतं.

घरी आलो तर आई खिडकीशी. एक्क्याण्णव.
"काय दिसलं?"
"झाड."
तिनं मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं.

आता ती पावावर लोणी असं खरवडते
की पावाची भोकं मोजून घ्यावीत.
वर बिलबेरी, स्वतः वेचलेल्या.
फक्त फेब्रुवारीतल्या त्या एका तारखेला
साचा खाली उतरतो.
एक तुकडा जुन्या मापानं, फुलासकट,
खिडकीबाहेरच्या कठड्यावर.
आम्ही दोघं आत, काळी कॉफी घेऊन.
पिवळ्या पोटाचे चिमुकले पक्षी येतात,
थंडीनं फुगलेले,
आणि लोण्यावर
चोचींचे ठसे उमटतात.